अंगठ्याची पारख

कृष्णात कांबळेच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला मंगळवार पेठेत मान होता. हे वाचून कुणाला हसू आलं तर येऊ दे. मान मिळायला माणसाकडं काहीतरी असावंच लागतं. कुणाकडं जमीन असते, कुणाकडं नुसतं आडनाव असतं, कृष्णातकडं अंगठा होता. टायर पुढ्यात आला की तो आधी नक्षीच्या खाचेत रुपयाचं नाणं उभं घालून बघायचा. मग अंगठ्याचं नख रबरात दाबायचा, डोळे बारीक करायचा आणि निकाल द्यायचा. "अजून दोन पावसाळं जातोय" म्हणाला की गिऱ्हाईक निर्धास्त घरी जायचं. "काढून टाक" म्हणाला की कुणी उलटं विचारायचं नाही, कारण दहातल्या आठ जणांना तो नवा टायर न विकताच परत पाठवायचा. धंद्याच्या दृष्टीनं हा शुद्ध येडेपणा होता, आणि शालूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, हे त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगून टाकलं होतं.

गडी मूळचा गडहिंग्लजकडचा. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा. कृष्णात सोळाव्या वर्षी एसटीत बसून कोल्हापुरात आला आणि रिमोल्डिंगच्या कारखान्यात लागला. गुळगुळीत झालेला टायर घासायचा आणि त्याच्यावर नव्या रबराची नक्षी चढवायची, हे काम. बारा वर्षं त्यानं रबराचा धूर खाल्ला आणि त्या धुरात दोन गोष्टी शिकला. पहिली, रबर घट्ट असावं. आपल्याकडचं ऊन, तापलेलं डांबर आणि मापापेक्षा दीडपट ऊस भरलेल्या ट्रॉल्या; मऊ रबर इथं वर्षभरात झिजून जातं, घट्ट रबर टिकतं. दुसरी, नवं पुढं आणि जुनं मागं. दोन टायर नवे घ्यायचे, पुढच्या चाकांना टाकायचे, पुढचे काढून मागं टाकायचे. चारही टायर एकदम बदलणारा माणूस एकतर कारखान्याचा चेअरमन असतो नाहीतर खुळा असतो, असं तो म्हणायचा. आणि हे म्हणताना त्याचा आवाज कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत जायचा. आमच्या कोल्हापुरात सल्ला फुकट मिळतो आणि तोही ओरडून मिळतो.

पुढं त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. पुढं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, खाली हवेचा पंप, आणि कोपऱ्यात जुन्या टायरांची चळत. त्या चळतीवर बसून दीक्षानं, त्याच्या एकुलत्या एका लेकीनं, पहिली ते दहावीचा अभ्यास केला. पाटी मांडीवर आणि पाय टायरात सोडलेले. आठ वर्षांची असताना ती आपण होऊन बापाशेजारी बसली आणि म्हणाली, "आबा, मी बघतो." कोल्हापूरच्या पोरी 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात, त्यात तिचं काही विशेष नव्हतं. विशेष हे की तिनं एवढंसं नख रबरात दाबलं, बापासारखेच डोळे बारीक केले आणि म्हणाली, "एक पावसाळा." कृष्णातनं नख लावून बघितलं. एकच पावसाळा होता. त्या दिवशी त्यानं पेठेतल्या निम्म्या लोकांना हे सांगितलं आणि उरलेल्या निम्म्यांना दुसऱ्या दिवशी.

दीक्षा शिकली, इंजिनिअर झाली. वारणानगरच्या कॉलनीत वाढलेल्या प्रसेनजीतशी तिचं लग्न झालं. पोरगा सरळ, कमी बोलणारा, बाप साखर कारखान्यात फिटर. दोघंही कॉम्प्युटरवाली. दोघं कॅनडात कॅलगरीला गेली, आणि विमानतळावर कृष्णात रडला नाही याचा त्याला फार अभिमान होता. शालूबाई म्हणते, तो घरी येऊन हवेच्या पंपाचा मोठा आवाज लावून रडला. दोघांतलं खरं कोण बोलतंय हे आपण ठरवायचं.

पहिली काही वर्षं ती तिथं रेल्वेनं कामावर जायची. मग घर बदललं, नोकरी गावाच्या दुसऱ्या टोकाला लागली आणि तिनं एक जुनी गाडी घेतली. चारही चाकांना इंजिनाचा जोर जाणारी. तिकडं ऑक्टोबरापासून बर्फ पडतो, म्हणून मुद्दाम तसली.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं सकाळ, इकडं दिवेलागण. शालूबाई चहाचे कप घेऊन दुकानात येत होती.

"आबा, मी गाडीला बर्फाचे टायर टाकाय आलोय," दीक्षा म्हणाली. डोक्यावर लोकरी टोपी, नाक लाल. "हितला मेकॅनिक म्हणतोय, चारीच्या चारी बदला."

"चार?" कृष्णात हसला. "तुजी गाडी चारी चाकांनी वडती म्हणालीस न्हवं?"

"व्हय की."

"मग चारी चाकं वडाय लागल्यावर चार नवी कशाला? दोन घे. पुढं टाक. मागची दाव बघू."

तिनं फोन मागच्या चाकाजवळ नेला. कृष्णातनं चष्मा पुसला. दीक्षाच्या पर्समध्ये कोल्हापूरहून नेलेलं एक रुपयाचं नाणं होतं, ते तिनं काढलं आणि खाचेत उभं घातलं. निम्म्याला आत गेलं.

"नक्षी झ्याक हाय," कृष्णात म्हणाला. "आता नख दाब."

"रुतत न्हाय आबा. घट्ट हाय लई."

"घट्ट हाय न्हवं? मग निवांत ऱ्हा. त्या रबराला काय धाड भरल्या? अजून एक सीझन जातंय ते."

शालूबाईनं चहा खाली ठेवला. तिला टायरातलं काही कळत नव्हतं आणि कळतंय असा तिचा दावाही नव्हता. "अवो," ती म्हणाली, "तिथला माणूस चार म्हणतोय तर असंल की काय तरी. त्येनं बर्फ बघितलाय. तुमी कुठं बघितलाय?"

"मी टायर बघितल्यात!" कृष्णात एवढ्या मोठ्यानं म्हणाला की पानपट्टीवरची दोन डोकी वळली. "चाळीस वर्सं झाली. बर्फवाल्यानं बर्फाचं बघावं."

फोनमधून दीक्षाचं हसू आलं. "आई, आबांचा अंगठा हाय. विषय संपला."

त्या संध्याकाळी कृष्णातला चहा फार गोड लागला. सातासमुद्रांपलीकडच्या टायराचा निकाल आपण इथं बसून दिला, हे त्यानं दुकान बंद करेपर्यंत तिघांना सांगितलं.

डिसेंबरातल्या एका बेस्तरवारी, रात्री साडेदहाला, तिकडं सकाळ असताना, प्रसेनजीतचा फोन आला. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज. तो आवाज ओळखायलाच कृष्णातला वेळ लागला. दीक्षा सकाळी कामावर निघाली होती. उतार होता, खाली सिग्नल लाल झाला. समोरून आडवा ट्रक जात होता. "गाडी थांबली न्हाय मामा," प्रसेनजीत म्हणाला. "मागनं फिरली." दीक्षा जागीच गेली होती.

दीक्षाचे अंत्यविधी आईबापांनी फोनवर बघितले. परक्या देशातला एक स्वच्छ हॉल, तिथं जमलेली पंधरावीस मराठी पोरं, त्यातल्या एकीनं म्हटलेलं त्रिसरण. फोन टायरांच्या चळतीला टेकवून ठेवला होता. शालूबाई ओरडून रडली, पेठेतल्या बायकांनी तिला धरलं. कृष्णात नुसता बसून होता. लोकांना वाटलं, धक्का बसलाय. धक्का होताच. पण त्याच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता. मागनं. मागनं फिरली. दुसऱ्या कुणाला त्या शब्दाचं काही वाटलं नसतं. टायरवाल्याला वाटलं. पुढची चाकं धरून राहिली आणि मागची सुटली, तरच गाडी मागून फिरते.

त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. शालूबाईला सांगायची गरज नव्हती, ती तिथं चहाचे कप घेऊन उभी होती. कृष्णात वाट बघत राहिला की आज ना उद्या ती म्हणेल. 'मी सांगितलं हुतं तुमाला.' एवढंच. बाईमाणूस साध्या मिठाच्या बरणीवरून हे वाक्य दहादा ऐकवते. पण शालूबाई ताट वाढायची, रक्तदाबाची गोळी हातावर ठेवायची, रात्री दार लावलं का विचारायची, आणि ते वाक्य काही म्हणायची नाही. कृष्णातला ते सोसवेना. शिक्षा व्हावी म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी बस म्हणत असलं तर कसं होईल, तसं त्याचं झालं.

मे महिन्यात एके दिवशी त्यानं जुन्या टायराचा वीतभर तुकडा कापला. घट्ट, चांगल्या रबराचा. नख लावून बघितलं, हवं तेवढंच रुतलं. तुकडा पिशवीत घालून तो बर्फाच्या कारखान्यात गेला. तिथं शिवलिंग म्हणून त्याच्या गावाकडचा माणूस सुपरवायझर होता. मिठाच्या पाण्याच्या मोठ्या हौदात पत्र्याचे डबे सोडून तिथं बर्फाच्या लाद्या करतात. ते पाणी बर्फापेक्षाही गार असतं.

"ह्यो तुकडा त्यात एक दिवस ठेव," कृष्णात म्हणाला.

"टायराचं आइस्क्रीम करतोयस काय?" शिवलिंग हसला. मग त्यानं मित्राचं तोंड बघितलं आणि गुमान तुकडा आत सोडला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कृष्णात परत गेला. बाहेर डांबर वितळत होतं. शिवलिंगनं तुकडा काढून दिला. कृष्णातनं नख लावलं. रुतेना. जोर केला, नखाच्या मुळाशी रक्त आलं तरी रुतेना. लाकूडसुद्धा थोडं दबतं, हे दबत नव्हतं. मग त्यानं तो तुकडा समोरच्या लादीवर ठेवला आणि हलकेच ढकलला. कॅरमची सोंगटी जाते तसा तो लादीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि खाली पडला. कृष्णातनं तो उचलून परत ठेवला, परत ढकलला. किती वेळा केलं कुणास ठाऊक. शेवटी शिवलिंगनं त्याचा हात धरला. "बास कर आता," म्हणाला. कृष्णातचे हात निळे पडले होते.

'घट्ट हाय न्हवं? मग निवांत ऱ्हा.' हे आपणच म्हणालो होतो. आपल्या उन्हात ज्या रबराला आपण चांगलं म्हणतो, तेच रबर थंडीत दगड होतं. बर्फाचा टायर मऊ असतो तो त्याच्यासाठीच. आणि चारही चाकांना जोर असला म्हणजे गाडी बर्फातून निघते झटक्यात, पण ब्रेक दाबल्यावर तो जोर काही कामाचा नसतो. थांबवतं ते नुसतं रबर. निघताना गाडी अशी छान निघते की चालवणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. हे सगळं तो नंतर पेठेतल्या पोरांकडून मोबाइलवर व्हिडिओ लावून घेऊन शिकला. चारही टायर एकाच जातीचे हवेत. दोनच, तेही पुढं, असले तर मागची चाकं आधी सुटतात. थंडीत हवा कमी होते, ती आठवड्याला तपासायची. बर्फासाठी चाकांना साखळ्या लावायच्या तर गाडीच्या पुस्तकात बघून लावायच्या. ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेवायचा की खाली अंडं आहे. सहा महिन्यांत बर्फातल्या गाडीबद्दल त्याला जेवढं कळलं तेवढं अख्ख्या जिल्ह्यात कुणाला कळत नसेल. कोल्हापुरात बर्फ मिळतो तो गोळ्याच्या गाड्यावर. त्या ज्ञानाचं करायचं काय होतं?

दुकान चालूच होतं. लोक टायर आणत, तो नख लावी, निकाल देई. इथल्या उन्हाला त्याचा अंगठा खराच होता, आणि त्याला त्याचंच जास्त वाईट वाटायचं. एकदा तरी इथंही चुकला असता तर बरं झालं असतं.

वर्ष भरलं तेव्हा प्रसेनजीत आला. अस्थी घेऊन येतो येतो म्हणत त्यानं वर्ष काढलं होतं. कधी सुट्टी नाही, कधी कागदपत्रं नाहीत. कृष्णातला खरं कारण माहीत होतं, किंवा तसं त्याला वाटत होतं. जावयाला सासऱ्याचं तोंड बघायचं नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वारणानगरची माणसं येऊन गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रसेनजीत दुकानात येऊन स्टुलावर बसला. वाळला होता पोरगा. कृष्णातनं ठरवलं होतं, आज बोलायचं. मग जावई काय म्हणायचं ते म्हणू दे. थोबाडीत मारली तरी चालेल.

"जावईबापू," तो म्हणाला, "ती माज्यामुळं गेली. मेकॅनिक चार म्हणत हुता. मी दोन म्हणालो. मागचं रबर घट्ट हुतं, ते मी चांगलं म्हणालो. मी बघितलंय बर्फात घालून. दगड हुतंय."

प्रसेनजीतनं स्टूल पुढं ओढलं.

"तिला माहीत होतं मामा," तो म्हणाला.

"काय?"

"नोव्हेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. त्या सकाळी ती गाडीमागं उकिडवी बसली, हातमोजा काढला आणि टायरला नख लावलं. तुमच्यासारखं. आत आली आणि म्हणाली, दगड झालाय रबर, मागचे बी दोन बदलाय पायजेत. त्याच दिवशी दुकानात फोन केला. त्या मापाचे दोन टायर शिल्लक नव्हते, सगळ्यांचीच घाई असते तेव्हा. मागवले. ते डिसेंबरात आले, मग शनिवारची वेळ दिली त्यांनी." तो थांबला. "ती दोन दिवस आधी, बेस्तरवारी गेली. मी म्हटलं होतं, तोवर बसनं जा. म्हणाली, हळू चालवतो."

कृष्णात त्याच्यासमोर वाकला. "मला... मला का न्हाई सांगितलं तिनं?"

"मला शपथ घातली होती." प्रसेनजीत म्हणाला. "म्हणाली, आबांना कळू द्यायचं न्हाय. चाळीस वर्षांत त्यांचा एक निकाल चुकलेला न्हाय. त्यांचा अंगठा माझ्या गाडीवर खोटा पडाय नको. सुट्टीला गेल्यावर मीच हसत हसत सांगतो. त्या शपथेपायी मी आलो न्हाय वर्षभर. तुमच्यासमोर बसलो असतो तर तोंडातनं गेलं असतं. आता तुम्ही स्वतःलाच..." त्यानं तोंड ओंजळीत धरलं.

आपल्या चुकीनं लेक गेली, हे कृष्णातनं वर्षभर उराशी धरलं होतं. ते जड होतं, पण त्याचा हिशेब त्याला समजत होता. आता कळलं की लेकीनं त्याची चूक ओळखली होती, दुरुस्तही करायला घेतली होती, आणि बापाचा मान राहावा म्हणून गप्प बसली होती. अंगठा तिचाही होता, त्यानंच शिकवलेला, आणि तो त्याच्यापेक्षा शहाणा निघाला. तिनं एक फोन केला असता तर तो म्हणाला असता, 'शनवारपतोर गाडी काढू नगंस.' म्हणाला असता का? की परत मोठ्यानं हसला असता आणि पानपट्टीवरची डोकी वळली असती? हे त्याला ठरवता येईना. तिलाही ठरवता आलं नसेल, म्हणूनच तिनं फोन केला नाही. या विचारासरशी तो हवेच्या पंपाला धरून खाली बसला.

मधल्या दारात शालूबाई उभी होती. हातात चहाचे कप. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिनं कप खाली ठेवले, पदर खोचला आणि नवऱ्यासमोर आली.

"मी सांगितलं हुतं तुमाला," ती म्हणाली. "त्याच दिवशी सांगितलं हुतं."

"व्हय," कृष्णात म्हणाला. "सांगितलं हुतंस."

आणि तो रडला. पंप न लावता, जावयासमोर, भर रस्त्याकडं तोंड करून, लहान पोरासारखा. शालूबाईनं त्याला गप्प केलं नाही. ती टायरांच्या त्या कोपऱ्यातल्या चळतीवर बसली आणि तीही रडली. प्रसेनजीत दोघांच्या मध्ये स्टुलावर, मान खाली घालून. चहा तसाच गार झाला.

थोड्या वेळानं दुकानासमोर एक जीप थांबली. वारणेकडचा ओळखीचा गडी, मागून टायर काढून गडगडत पायरीपर्यंत घेऊन आला. आतलं त्याला काही दिसलं नव्हतं, उन्हातून आल्यावर आत अंधारच दिसतो.

"कृष्णातमामा," त्यानं हाळी दिली, "जरा अंगठा लावून सांगा की. चालतोय काय अजून?"

कृष्णातनं आपल्या अंगठ्याकडं बघितलं आणि मूठ मिटली.

"मला कळत न्हाय," तो म्हणाला.

गिऱ्हाइकाला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. ते टायर पुढं करून हसत तसंच उभं राहिलं.